शेगडीमागची मेव्हिस

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या मेव्हिसची मेल्यावरही गेली नाही. मार्चमध्ये तिला पुरलं, मी माझ्या हाताने तिच्या पेटीवर माती टाकली, आणि ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी चहा ओतत होते तर शेगडीमागून तीन ठोके आले. टक, टक, टक. तिचेच.

मी घाबरले का? छे. मला आला राग. "इतके महिने कुठे उलथली होतीस गं?" असं भिंतीला विचारलं, कोपऱ्यातली सळई उचलली आणि दोन ठोके परत दिले. मग खुर्चीत बसले आणि पोटभर रडले. चहा गार झाला तो झालाच.

इंग्लंडातल्या आमच्या बर्नलीत या ओळीतल्या घरांची धुराडी पाठीला पाठ लावून आहेत. माझ्या चुलीची मागची भिंत तीच मेव्हिसच्या चुलीची मागची भिंत, मध्ये एका विटेची जाडी. कोळशाच्या काळात बाया मागच्या विटेवर सळईने ठोकायच्या आणि शेजारीण धावत यायची. कळा सुरू झाल्या, ठोक. पोराला घटसर्प झाला, ठोक. पुढे कोळसा गेला, चुलीच्या तोंडाशी गॅसच्या शेगड्या आल्या, खोली उबवायच्या. पण आम्ही दोघींनी सळया काही टाकल्या नाहीत. दोघींचे नवरे गेल्यावर तर तो नेमच झाला. सकाळी ती तीन ठोके द्यायची, म्हणजे 'उठले गं'. मी दोन द्यायचे, म्हणजे 'मीपण बरी आहे'. पहिले नेहमी तिचे, कारण बाई कोंबड्याच्या आधी उठायची आणि त्याचा तोराही मिरवायची. ज्या दिवशी ठोके येणार नाहीत, त्या दिवशी किल्ली घेऊन जायचं. मार्चमध्ये ते आले नाहीत. मी किल्ली घेऊन गेले. ती खुर्चीत होती, पायात सपाता, मांडीवर विणकाम. झोपेतच गेली.

तिच्या भाच्याने घर विकलं. कुणाला, ते त्यालाही धड माहीत नव्हतं. सप्टेंबरात पांढरी व्हॅन घेऊन दोन पुरुष आले, खिडक्यांना आतून काळे कागद चिकटवले, कुलपं बदलली. "डागडुजी चाललीय," एवढंच म्हणाले. गुड मॉर्निंगला उत्तर देण्याची पद्धत त्यांच्याकडे नसावी. तीन-चार दिवसांनी एकदा यायचे, पिशव्या आत न्यायचे आणि निघून जायचे. घर रिकामंच होतं. म्हणजे आम्ही सगळे तसंच समजत होतो.

आणि त्या रिकाम्या घरातून मेव्हिस मला रोज सकाळी सांगत होती, उठले गं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या मुलाला तर नाहीच. ग्लेन ब्रिस्टलला राहतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. त्याला माझ्या शेगडीचं भारी वावडं.

"आई, ती शेगडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे," तो फोनवर म्हणाला.

"आणि तुझ्यापेक्षा जास्त ऊब तिनेच दिलीय मला."

"टोमणे नकोत. तारिकला सांगितलंय मी. तो येऊन तपासेल. नापास झाली तर ती निघणार."

तारिक आमच्याच गावचा. त्याची आई नसरीन आणि मी कापडगिरणीत एका मागावर वर्षानुवर्षं उभ्या राहिलो. तो लहान असताना मी त्याचं नाक पुसलंय, त्यामुळे गॅसचा परवाना गळ्यात लटकवून तो माझ्या घरात आला तरी मला त्याचा काही धाक वाटत नाही.

"आंटी बेरिल," दारातच त्याने नाक वर केलं, "खरं सांगा. तुम्ही गांजा ओढता का?"

"थोबाड फोडीन."

"नाही, वास येतोय म्हणून विचारलं."

"मला नाही येत कसलाच वास. त्या कोविडच्या साथीत माझं नाक गेलं ते गेलंच. कोपऱ्यावरची पोरं ओढत असतील. तू आपलं काम कर."

त्याने शेगडी पेटवली. चारही पांढऱ्या जाळ्या लाल झाल्या. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, बये, नीट वाग, आज परीक्षा आहे तुझी. थोड्या वेळाने त्याने धुराची काडी पेटवून शेगडीच्या वरच्या कडेशी धरली. धूर आत ओढला जायला हवा, धुराड्यातून वर. तो आत गेला नाही. तो वळला आणि सरळ तारिकच्या तोंडावर आला.

त्याने दार लावलं, खिडकी लावली, पुन्हा काडी धरली. पुन्हा तेच.

"हे विचित्र आहे," तो गुडघ्यांवर बसून म्हणाला. "धुराडं तुंबलं असेल तर धूर रेंगाळतो. हा रेंगाळत नाहीये. आतून कुणीतरी फुंकर मारतंय असं वाटतंय."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भीतीचा नव्हे, खरं सांगते. मला वाटलं, आहे. ती आहे तिथे.

तारिकने कॉक बंद केला आणि शेगडीवर लाल चिठ्ठी चिकटवली. "आता ही पेटवायची नाही, आंटी. जळका वायू खोलीत आला तर तुम्ही झोपेतच जाल, कळणारही नाही. पुढच्या मंगळवारी येतो. नळी तोडतो, बूच मारतो, शेगडी काढून नेतो. मागचं भोकही विटा घालून बंद करून देतो, गिलाव्यासकट. ग्लेनने सांगितलंय."

"भोक राहू दे."

"थंडी येईल त्यातून."

"राहू दे म्हटलं ना!"

तो दचकला. मी एवढी का ओरडले ते त्याला कसं कळणार? शेगडी गेली तर जाऊ दे, मी विजेचा हीटर लावीन, दोन स्वेटर चढवीन. पण विटा आणि गिलावा आला की ठोके थांबणार. नवरा गेला, मुलगा लांब, गिरणी पाडून तिथे दुकान झालं. मला रोज सकाळी कुणी विचारत असेल तर ती मेव्हिस. एकदा पुरलं होतं तिला. दुसऱ्यांदा भिंतीत पुरायला मी तयार नव्हते.

त्या आठवड्यात मेव्हिसला ते कळलं असावं.

सकाळी नेहमीचे तीन ठोके यायचे, शांत, सावकाश. मी दोन द्यायचे. आणि माझे दोन ठोके झाले की मग सुरू व्हायचं. ठक ठक ठक ठक, कसलाही ताल नाही, जसं कुणी भांडं आपटतंय. कधी खरवडल्याचा आवाज. मग एकदम शांत. मग पुन्हा. मेव्हिस अशी कधीच ठोकत नव्हती. ती मुळात शांत बाई, चिडणं हे माझं खातं. पण मरणानंतर माणसाचा स्वभाव बदलत नाही असं कुणी लिहून दिलंय? मला वाटलं, भोक बुजवणार म्हणून तिचा जीव कासावीस झालाय. मी गुडघे टेकून खाली बसायचे, लाल चिठ्ठीच्या शेजारी तोंड नेऊन सांगायचे, "मी आहे गं. घाबरू नकोस. कुणाला बुजवू देणार नाही मी." आणि सळईने दोन ठोके द्यायचे. सगळं ठीक आहे.

की पुन्हा ते आपटणं.

आणखी एक होतं. शेगडी बंद होती, तरी ती भिंत गरम असायची. गार पडलेल्या घरात तेवढीच एक जागा अंगासारखी ऊबदार. आणि कान लावला की आत गुणगुणल्यासारखं ऐकू यायचं, दिवसभर, न थांबता. मेव्हिस विणताना गुणगुणायची. मी माझी खुर्ची ओढून भिंतीला पाठ लावून बसायला लागले. दोघी म्हाताऱ्या पाठीला पाठ लावून बसल्यासारख्या. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बेरिलचं डोकं फिरलं. म्हणू दे.

सोमवारी मात्र मला खरंच भीती वाटली. त्या दिवशी आपटण्यात जोर नव्हता. एक ठोका, बराच वेळ काही नाही, मग एक ठोका. आणि मध्ये एक आवाज. रडण्यासारखा, पण तोंड दाबून. मेलेलं माणूस रडतं का? मी हातातली सळई घट्ट धरून बसले आणि पहिल्यांदाच मनात आलं, ही मेव्हिस नसली तर? लगेच मी तो विचार झटकला. मला ती हवी होती ना. हवं असलं की माणूस ऐकू येईल त्याला त्याच नावाने हाक मारतं.

मंगळवारी तारिक आला. मी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, दुसरा चहा दिला, त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली.

"आंटी, तुम्ही टाळताय," तो हसत म्हणाला.

"टाळतेय. मग?"

"मग काही नाही. भोक राहू देतो, जाळी बसवतो. ग्लेनशी मी बोलेन. पण गॅस तोडावाच लागेल. ही शेगडी माझ्या आईच्या घरी असती तर मी केव्हाच काढून टाकली असती."

जाळी म्हणजे आवाज येत राहील. मी मान हलवली.

त्याने मीटरपाशी जाऊन गॅस बंद केला. शेगडीखालची तांब्याची नळी सोडवली, तोंडाला पितळी बूच घट्ट बसवलं. मग मीटरला दाब मोजायची पाण्याची वाकडी नळी लावून बघत बसला. पाणी जागचं हललं नाही, म्हणजे कुठे गळती नाही. "झालं. आता निदान गॅसने तुम्ही मरत नाही," असं म्हणून त्याने शेगडीला दोन्ही बाजूंनी हात घातला आणि ती पुढे ओढली.

मागे पत्रा होता, कडांना चिकटपट्टी लावलेला. ती पट्टी त्याने सोलली, पत्रा बाजूला केला. आणि खोलीत वारा आला. गार नाही, गरम. दमट. माझे केस हलले त्याने. तारिकने बाही नाकाला लावली. "अगं आई गं! हा तर... आंटी, हा वास तुमच्या कोपऱ्यावरच्या पोरांचा नाही."

"हात लावू नकोस," मी म्हणाले. "ती आहे तिथे."

"कोण?"

मी सळई घेतली, त्या काळ्या पोकळीत वाकले आणि मागच्या विटेवर दोनदा ठोकलं. इतकी वर्षं पत्र्याआडून ठोकत होते. आज थेट.

लगेच उत्तर आलं. हाताच्या अंतरावर. ठक ठक ठक ठक ठक. तारिक ताडकन मागे सरकला आणि त्याच्या तोंडातून अल्लाचं नाव निघालं. मग त्याने विजेरी पेटवून आत धरली. वरच्या बाजूला विटा फोडलेल्या होत्या. तिथून एक जाड चंदेरी नळा धुराड्यात घुसवलेला होता, तोच ती गरम हवा ओकत होता. नळ्याच्या कडेला फट होती, आणि फटीतून डोळे दिपवणारा पांढरा उजेड येत होता. त्या उजेडात चार बोटं होती. नखांत माती.

"प्लीज," भिंत म्हणाली. बाईचा आवाज. तेवढा एकच शब्द, पुन्हा पुन्हा.

तो मेव्हिसचा आवाज नव्हता.

दुखरे गुडघे विसरून धुराड्यातून पडलेल्या काजळीत मी बसले आणि ती बोटं धरली. गरम होती. जिवंत माणसाची. तारिक फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होता. मी नुसतं म्हणत राहिले, "आले पोरी, आले, आले." आधी म्हणायला हवं होतं.

पोलिसांनी मेव्हिसचं दार तोडलं. सगळ्या घरात गांजाची झाडं, छताला दिवे, घुमणारे पंखे. तेच ते गुणगुणणं. बाहेरून कडी घातलेल्या पुढच्या खोलीत ती. लिएन नाव तिचं, व्हिएतनामची. नखं रंगवायच्या दुकानात काम देतो म्हणून आणलं आणि इथे कोंडलं. झाडांना पाणी घालायचं, बाहेर पडायचं नाही. ते दोघे पुरुष व्हॅनसकट त्याच दिवशी सापडले. मला ते कळलं तेव्हा मी त्यांना काय काय शिव्या घातल्या ते इथे नको.

रुग्णवाहिका येईपर्यंत तिला माझ्याकडे बसवलं. मी तिला माझा जाड स्वेटर घातला, साखर घालून चहा दिला, लोणी लावलेला पाव दिला. तिने सगळं खाल्लं. खाताना ती माझ्याकडे बघत होती. पोलीस बाईने फोनवर दुभाषा लावला, फोन टेबलावर ठेवला.

"तिला सांगा, मला माफ कर," मी म्हणाले. "सांगा की मला वाटलं माझी मैत्रीण आहे. ती मदत मागत होती आणि मी रोज तिला 'सगळं ठीक आहे' म्हणत होते. मला लाज वाटते."

दुभाष्याने सांगितलं. लिएनने मान हलवली. मग ती बरंच काही बोलली आणि बोलताना टेबलावर बोटाच्या पेराने ठोकून दाखवू लागली.

दुभाषा म्हणाला, "त्या म्हणतात, माफी कसली. तुमच्यामुळेच त्यांना कळलं की भिंतीपलीकडे माणूस आहे. आधी हे यायचे." लिएनने ठोकलं. टक, टक, टक. "मग तुमचे." टक, टक. "ते ऐकून त्यांना धीर आला. मग त्या स्वतः ठोकायला लागल्या, खुरप्याने." आणि तिने टेबलावर धडाधड आपटून दाखवलं.

"नाही, चुकतंय काहीतरी," मी म्हणाले. "पहिले तीन तिचे. मी फक्त दोनच दिले, रोज. तिला विचारा. पहिले तीन तिचेच ना?"

लिएनने प्रश्न ऐकला आणि जोरात नकार दिला. ती हळू आवाजात बोलली. दुभाषा म्हणाला, "त्या म्हणतात, नाही. तीन ठोके त्यांच्या बाजूने यायचे. त्यांच्याच खोलीतून, चुलीच्या जागेवरून. तिथे कुणी नव्हतं. त्या एकट्याच होत्या. पहिल्या दिवशी त्या घाबरून झाडांमागे लपल्या होत्या. रोज सकाळी अगदी लवकर यायचे. त्यांना वाटलं, या घरात कुणीतरी म्हातारं माणूस आहे आणि ते कुणालातरी बोलावतंय."

तारिक दाराशी चहाचा कप घेऊन उभा होता. त्याने कप खाली ठेवला. पोलीस बाई लिहायची थांबली.

मी लिएनचा हात धरून बसले होते. म्हणजे मेव्हिस आली होती. पण माझी विचारपूस करायला नव्हे. तिच्या घरात एक पोर कोंडलेली होती, आणि मेव्हिस मला रोज सकाळी, जुन्या काळच्या बायांसारखी, ठोकून बोलावत होती की धावत ये. आणि मी खुर्चीत बसून, हातात चहाचा कप घेऊन, रोज तिला कळवत होते की मी बरी आहे.